औषधाचे मूळ : प्रथिने, पेप्टाइड आणि श्रावकाचा विवेक

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पवनार येथे दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)





आपल्या न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल प्रसंग आहे. अशा प्रसंगी प्रथिनांवर होत असलेल्या नव्या संशोधनाविषयी बोलावे, अशी सूचना विश्वस्तांनी केली, तेव्हा हा विषय समाजाला रुक्ष वाटेल की काय, अशी शंका माझ्या मनात आली होती. परंतु थोडा विचार केला तर हा विषय आपल्या प्रत्येकाच्या घरात आधीच येऊन बसला आहे, असे दिसेल. कोणाच्या घरी मधुमेहाचे इंजेक्शन आहे, कोणाच्या कपाटात कॅप्सूलची बाटली आहे, आणि पर्युषण किंवा दशलक्षण पर्व जवळ आले की 'औषध चालू ठेवू का?' हा प्रश्नही आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न अनेक श्रावक-श्राविका हळू आवाजात विचारतात : 'हे औषध कशापासून तयार होते? आपल्याला ते चालते का?'

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. औषधाच्या बाबतीत मात्र माझे सांगणे निराळे आहे. औषधाचे मूळ जरूर विचारावे. अहिंसाधर्मी माणसाचा तो अधिकारही आहे आणि कर्तव्यही. मात्र उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नये. या एका गोष्टीसाठी आजचे हे सारे विवेचन आहे.

प्रथिन म्हणजे काय?

'प्रोटीन' म्हटले की आपल्याला डाळ, दूध, शेंगदाणे आठवतात. ते बरोबरच आहे; पण शरीराच्या दृष्टीने प्रथिन हे केवळ अन्न नव्हे. ते शरीराचे कामकरी आहे. श्वासातील प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे, अन्न पचविणारी विकरे प्रथिने आहेत, रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडेही प्रथिनेच आहेत.

प्रथिनाची रचना जपमाळेसारखी आहे, असे समजा. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. शरीरातील प्रथिने प्रामुख्याने वीस प्रकारच्या मण्यांपासून ओवली जातात. माळ आखूड असेल तर तिला पेप्टाइड म्हणतात, लांब असेल तर प्रथिन. ओवल्यानंतर ही माळ सरळ राहत नाही. ठरावीक पद्धतीने दुमडते आणि तिला घडी पडते. या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. गरम दुधात लिंबू पिळले की दूध फाटून छेना होतो. दूध तेच, मणीही तेच. पण प्रथिनांची जुनी मांडणी मोडली आणि गुणधर्म बदलले. हे उदाहरण ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

एका मण्याचा फरक

एक मणी बदलला तर काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला विदर्भाबाहेर जाण्याची गरज नाही. सिकलसेलचा आजार आपल्या भागातील असंख्य कुटुंबांना ठाऊक आहे. हा आजार म्हणजे बिघडलेल्या हिमोग्लोबिनची परिणती होय, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी बिघाडाची नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. मध्य भारतातील सिकलसेलविषयीची निरीक्षणे शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. देशपातळीवरील सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ मात्र १ जुलै २०२३ रोजी झाला.

वधू आणि वर दोघेही वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपण विवाहापूर्वी पत्रिका पाहतो. त्याच वेळी रक्ताची ही साधी तपासणीही करून घ्यावी, एवढेच येथे सुचवितो.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. तेथेही एका मण्याचाच फरक आहे. पण त्या फरकाने अपाय केला नाही, लाखो जीव वाचविले. ते उदाहरण म्हणजे इन्सुलिन.

इन्सुलिनची शंभर वर्षे

इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक आहे. त्यात एकूण ५१ अमिनो आम्ले असून ती २१ आणि ३० अशा दोन साखळ्यांत विभागलेली आहेत. रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचविण्यासाठी त्याची गरज असते. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयार होणे जवळजवळ थांबते, त्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. १९२२ पूर्वी अशा मुलांसाठी वैद्यांच्या हाती उपासमारीच्या आहाराखेरीज फारसे काही नव्हते, आणि तरीही ती मुले फार काळ जगत नसत.

कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये स्वादुपिंडाचा अर्क वेगळा काढला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर गुण आला. मरणाच्या दारातून परतलेला हा मुलगा पुढे आणखी तेरा वर्षे जगला. या शोधाचे हक्क संशोधकांनी प्रत्येकी अवघ्या एका डॉलरच्या मोबदल्यात टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले. अपरिग्रहाचे हे उदाहरण आपण आदराने स्मरावे.

परंतु या कथेची दुसरी बाजूही आपल्या सभेत झाकून ठेवता येणार नाही. हा शोध कुत्र्यांवरील प्रयोगांतून लागला. नंतरची सुमारे साठ वर्षे जगातील इन्सुलिन कत्तलखान्यातील गायी-बैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढले जात असे. जवळजवळ दोन टन अवयवांतून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास शुद्ध इन्सुलिन मिळे. डुकराचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनहून एकाच मण्याने वेगळे आहे आणि गायीचे तीन मण्यांनी. म्हणून ते माणसाला चालत असे. आपल्या मागील पिढीतील अनेक मधुमेही श्रावकांनी हे इंजेक्शन घेतले. काहींना त्याचे मूळ ठाऊक नव्हते; काहींना ठाऊक होते आणि ते मनात सलत राहिले. दुसरा उपाय उपलब्ध नव्हता. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या प्रश्नाची उकल ज्ञानातून झाली. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधील मण्यांचा क्रम शोधला, त्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ मध्ये त्याची त्रिमितीय घडी उलगडली. १९७८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुकीय आज्ञा जिवाणूत घातली आणि जिवाणूकडून ते तयार करून घेतले. ऑक्टोबर १९८२ च्या अखेरीस या मानवी इन्सुलिनला तेथे औषध म्हणून मान्यता मिळाली. स्वादुपिंडाची जागा किण्वनपात्राने घेतली, आणि पंचेंद्रिय प्राण्याच्या वधाशी या औषधाचा असलेला संबंध तुटला.

या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे मोठे कारखाने असलेल्या वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये भारतात विकसित केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. पुढल्याच वर्षी बंगळूरच्या बायोकॉनचे इन्सुलिन आले. ही दोन्ही यीस्टच्या साहाय्याने तयार झालेली होती. आज आपल्याकडील औषधाच्या दुकानात मिळणारे इन्सुलिन जवळजवळ सर्व याच प्रकारचे, म्हणजे जिवाणू किंवा यीस्ट यांच्याकडून करवून घेतलेले असते.

मग यात हिंसा अजिबात नाही का? तसे मी म्हणणार नाही. जिवाणू व यीस्ट हेही जीवच आहेत आणि नव्या औषधांच्या चाचण्या प्राण्यांवर होतात. सूक्ष्म जीवांविषयीचा शास्त्रार्थ पूज्य मुनिवर्यांनी आणि पंडितांनी सांगावा. तो माझा अधिकार नव्हे. पण श्रावकाच्या आचारात संकल्पी हिंसा आणि आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा असा भेद आपल्या परंपरेने केलेला आहे, आणि एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची पायरीही सांगितलेली आहे. त्या पायऱ्यांवर पाहिले, तर १९२२ ते १९८२ हा प्रवास अधिक हिंसेकडून कमी हिंसेकडे झाला, हे निर्विवाद आहे.

नवी पेप्टाइड औषधे

गेल्या वीस वर्षांत पेप्टाइड औषधांचा विस्तार झपाट्याने झाला. जेवण झाल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे एक पेप्टाइड स्रवते. ते इन्सुलिनला चालना देते आणि मेंदूला तृप्तीचा संदेश पोहोचविते. अडचण अशी की, शरीर ते एक-दोन मिनिटांतच नष्ट करून टाकते. अमेरिकेतील जॉन एंग यांना १९९२ मध्ये हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखेच, पण अधिक टिकणारे ३९ मण्यांचे पेप्टाइड आढळले. त्यावरून तयार झालेले औषध २००५ मध्ये मान्य झाले. ते प्रयोगशाळेत जुळवून करतात. त्यासाठी सरडा मारावा लागत नाही.

त्यानंतर आलेल्या सेमाग्लुटाइडला मेदाम्लाची जोड दिल्यामुळे ते आठवडाभर टिकते. टिर्झेपेटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आले. मधुमेह व स्थूलता यांवर या औषधांचा चांगला उपयोग होतो. परंतु येथे तीन सूचना आवश्यक आहेत. पहिली, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ही औषधे इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. दुसरी, वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही घटतात; म्हणून शाकाहारी माणसाने डाळी, दूध, दही, शेंगदाणे, सोयाबीन यांतून पुरेशी प्रथिने घेण्याकडे लक्ष द्यावे. तिसरी, लग्नसमारंभापूर्वी बारीक दिसण्यासाठी, दुकानातून स्वतःच आणून घेण्याचे हे औषध नव्हे.

पोटातून घेतलेले प्रथिन पचून त्याचे मणी सुटे होतात, म्हणून इन्सुलिन टोचावे लागते. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली असली, तरी तिच्यातील फारच थोडा अंश रक्तात पोहोचतो.

सर्पदंशाचे औषध

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला पावसाळ्यात सापाचे भय असते. सापाचे विष हे बहुतांशी प्रथिने व पेप्टाइड यांचेच मिश्रण आहे. त्यावरील प्रतिविष आजही घोड्यांना थोडे थोडे विष टोचून, त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे काढून तयार होते. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे. घोडा मारला जात नाही, पण त्याला त्रास होतो हे खरे.

येथेही इन्सुलिनसारखीच वाट दिसू लागली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेच्या सहकार्याने नाग-मण्यार वर्गातील विषाच्या एका प्रमुख घटकावर चालणारे कृत्रिम प्रतिपिंड २०२४ मध्ये जाहीर केले. प्रथिनांची घडी संगणकाने ओळखणे व नवे प्रथिन संगणकावर रचणे या कामासाठी डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बेकर यांच्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये सर्पविष निकामी करणारी, संगणकावर रचलेली प्रथिने प्रसिद्ध केली. हे सारे अद्याप उंदरांवरील प्रयोगांच्या पातळीवर आहे. तेव्हा साप चावला तर आजचे प्रतिविष हेच औषध, आणि त्यासाठी तत्काळ रुग्णालय गाठणे हाच मार्ग.

विवेक कोठे ठेवावा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अन्नपदार्थांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. औषधांवर तशी सक्ती नाही. त्यामुळे विचारल्याशिवाय कळत नाही. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडां-कातड्यांतील कोलॅजन या प्रथिनापासून करतात. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूलही निघाल्या आहेत. मुंबईची एसीजी कंपनीच त्या तयार करते. पुष्कळदा तेच औषध साध्या गोळीच्या रूपात मिळते. डॉक्टरांना आधीच नम्रपणे सांगितले, तर पर्याय निघतो. रक्त गोठू न देणारे हेपारिन मात्र आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून मिळते. ते प्रथिन नाही. पण हृदयविकाराच्या व शस्त्रक्रियेच्या वेळी देतात. आणीबाणीच्या क्षणी त्यावर वाद घालू नये. ज्यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, त्यांनी प्रकृती ठीक असतानाच आपल्या डॉक्टरांशी पर्यायांविषयी बोलून ठेवावे.

येथून जवळच सेवाग्राम आहे. गांधीजींनी दुधाचा त्याग केला होता. पुढे गंभीर आजारपणानंतर १९१९ मध्ये कस्तुरबांच्या सुचविण्यावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले. व्रताचे अक्षर पाळले गेले, पण आत्मा जपला गेला नाही, अशी खंत त्यांनी आत्मकथेत स्वतः नोंदविली आहे. तडजोड करावी लागली तर तिला तडजोडच म्हणावे, हा प्रामाणिकपणा आपणही शिकण्यासारखा आहे.

पवनारला पूज्य विनोबांचे स्मरण अपरिहार्य आहे. त्यांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णी यांनी 'समणसुत्तं' संकलित केले, हे ऋण आपला समाज विसरणार नाही. याच धाम नदीच्या काठी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, अन्न व औषध यांचा त्याग करून त्यांनी देह ठेवला. मानवी इन्सुलिनला मान्यता मिळून तेव्हा जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. विनोबांच्या या त्यागाचा दाखला देऊन 'मीही औषध सोडतो' असे म्हणणारे चाळिशी-पन्नाशीचे मधुमेही मला भेटतात. त्यांना मी सांगतो, पूर्ण आयुष्य जगलेल्या साधकाचा तो त्याग आणि औषधाने बरे राहू शकणाऱ्या संसारी माणसाचा हट्ट यांना एका मापाने मोजू नका. सल्लेखनेलाही आपल्या शास्त्राने काळ, कारण आणि गुरूची आज्ञा यांची मर्यादा घातली आहे.

पर्वकाळातील उपवासाविषयी तर मी आग्रहानेच सांगतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन पूर्ण बंद केले, तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साठून प्राणावर बेतू शकते. उलट, नेहमीचे औषध घेऊन निराहार राहिले, तर साखर एकाएकी घटून माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून पर्वापूर्वी पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटावे आणि औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. एकाशनासाठीही हे लागू आहे. बाह्य तपात अनशनाबरोबर अवमौदर्य आणि रसपरित्याग आहेत. आभ्यंतर तपात स्वाध्याय व वैयावृत्य आहेत. आजारी श्रावकाला तपाची दारे बंद नाहीत. घरातील मुलाला मधुमेह असेल, तर त्याच्यावर उपवासाचा भावनिक दबाव कोणीही आणू नये. तत्त्वार्थसूत्रकारांनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला स्थान दिले आहे. औषधाविना पोटच्या मुलाचा जीव धोक्यात घालणे हाही प्रमादच होय.

औषधदानाचे नवे रूप

शेवटी न्यासासमोर एक विनंती ठेवतो. आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांत औषधदानाची गणना होते. इन्सुलिन हे आयुष्यभर, रोज लागणारे औषध आहे, आणि खेड्यातील गरीब कुटुंबाला त्याचा खर्च जड जातो. खर्चाखेरीज दुसरी अडचण उन्हाळ्याची. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो. छेन्याचे उदाहरण आठवा : उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि कुपीतील औषध निरुपयोगी होते. कुपी बर्फात गोठवली, तरीही ते बिघडते. ज्यांच्या घरी फ्रीज नाही, त्यांनी वापरातली कुपी पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून मातीच्या माठात ठेवावी. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. न्यासाने आपल्या वास्तूत एक फ्रीज केवळ या कामासाठी राखून ठेवावा, आणि परिसरातील मधुमेही मुलांना, जात-धर्म न पाहता, वर्षभराचे इन्सुलिन, सुया व साखर तपासण्याच्या पट्ट्या पुरवाव्यात, असे मला वाटते. सुवर्णमहोत्सवाचे याहून उचित स्मारक कोणते असेल?

एका काळी याच औषधासाठी हजारो प्राण्यांचा बळी जात असे. आज ते त्याविना मिळते. आता ते वेळेवर, थंड आणि विनामूल्य एखाद्या बालकाच्या हाती पोहोचविण्याचे काम मात्र कोणत्याही प्रयोगशाळेचे नाही. ते आपले आहे.